सज्ञान व्यक्तीचे पालकत्व : कायदा बदलला तर पैसा नेमका कुठे लागेल?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे प्रश्नही हिशेबीच आहे. थोडक्यात असा : "अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग, मनोरुग्ण किंवा कोमातल्या माणसासाठी पालक नेमण्याचे कायदे बदलावेत, कायमच्या सर्वाधिकारी पालकाऐवजी ठराविक कामापुरता आणि ठराविक मुदतीचा पालक असावा, मधूनमधून फेरतपासणी व्हावी, असे म्हणतात. तत्त्व पटते. पण तिजोरीवर बोजा किती? निदान कोल्हापूर जिल्ह्यापुरता तरी आकडा मांडा."

मी दिवाणी बाजूचा वकील. पालकत्वाची प्रकरणे बरीच वर्षे हाताळतो आहे, कलेक्टर ऑफिसातही आणि कोर्टातही. आकडा मांडतो, पण आधी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पालक नेमायला फारसा खर्च येत नाही. नेमल्यानंतर त्याच्यावर लक्ष ठेवायला येतो. आपण आजवर पहिल्या कामाचे पैसे कसेबसे दिले, दुसऱ्याचे कधीच दिले नाहीत. कायदा बदलला तर जो "नवा" खर्च दिसेल, तो बहुतांशी हा थकलेला खर्च असेल.

आज काय चालते ते पाहू. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या लेखी आईबाप त्याचे पालक राहत नाहीत, मग ते मूल स्वतःच्या हाताने जेवत नसले तरी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते : जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग सदस्य. आईबाप किंवा नातेवाईक अर्ज करतात, सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातून मिळालेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडतात, समिती चौकशी करून पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. वकील लागत नाही. (धंद्याच्या दृष्टीने हे मला परवडणारे नाही, पण व्यवस्था म्हणून फार चांगली आहे.) समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावे असे कायदाच सांगतो. म्हणजे नेमणुकीचा सरकारी खर्च किती? अधिकाऱ्यांचा अर्धा दिवस, एका कारकुनाचा थोडा वेळ, आणि स्टेशनरी.

बाकीचा खर्च कुटुंब सोसते आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. कागल तालुक्यातल्या एका बाईंचे उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. नवरा सरकारी नोकरीत होता, वारला. मुलगा चोवीस वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी. पुढे आपल्या माघारी निवृत्तिवेतन मुलाला मिळावे म्हणून त्याचे खाते उघडायला त्या बँकेत गेल्या. बँक म्हणाली, मुलगा सज्ञान आहे, त्याची सही हवी. मुलाला सही येत नाही. अंगठा चालेल का? नाही, त्याला व्यवहार कळत नाही. मग आईची सही? आई पालक असल्याचा कागद कुठे आहे? स्थानिक स्तर समितीचे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे असे रिझर्व्ह बँकेने केव्हाच सांगितलेले आहे. ते प्रमाणपत्र काढून नेले, तर शाखेने "कोर्टाचा आदेश आणा" म्हणून परत पाठवले. बाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "सायेब, पोराचा अंगठा चालंना म्हनत्यात, माझा बी चालंना. मग चालतोय तरी कुनाचा?" शेवटी एका पत्राने काम झाले. पण तोवर बुडालेले रोज, एसटीची भाडी, झेरॉक्स आणि मुलाजवळ बसायला ठेवलेल्या शेजारणीचे पैसे यांची बेरीज केली, तर सरकारने त्या नेमणुकीवर केलेल्या खर्चाच्या कितीतरी पट ती भरेल.

दुसरी वाट याहून महाग, आणि ती सरकारलाही महाग पडते. कोमातल्या माणसासाठी पालक नेमायला देशात वेगळा कायदाच नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदा अज्ञानांपुरता, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांपुरता. राष्ट्रीय न्यास कायदा त्या चार गटांपुरता. मानसिक आजाराच्या बाबतीत 1987 च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाला शरीराचा पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमता येत असे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो प्रकार काढून टाकला आणि उपचारापुरता "नामनिर्देशित प्रतिनिधी" ठेवला. माणसाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्याच्या शेताचे, भाड्याचे, बँकेतल्या ठेवीचे काय, हे सांगायचे राहून गेले.

म्हणून शिरोळ तालुक्यातला एखादा ऊस उत्पादक अपघातानंतर बेशुद्ध पडून राहिला, की उसाचे बिल त्याच्या खात्यात जमा होते आणि तिथेच अडकते. सोसायटीचे कर्ज त्याच्या नावावर, सातबारा त्याच्या नावावर, आणि दवाखान्याचे बिल मात्र बायकोच्या हातात. अशा बाईला संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. म्हणजे नवऱ्याचेच पैसे नवऱ्याच्याच औषधाला काढण्यासाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसवायचे. 18 ऑगस्ट 2025 पर्यंत यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठावी लागे. त्या दिवसापासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हे काम होऊ लागले. सहा जिल्ह्यांच्या लोकांचा प्रवास वाचला, हे आनंदाचे. तरीही न्यायमूर्ती, सरकारी वकील, रजिस्ट्री आणि वैद्यकीय मंडळाचा अहवाल एवढी यंत्रणा एका खात्याच्या सहीसाठी राबते, हा सार्वजनिक खर्च नाही तर काय? तो "पालकत्व" या शीर्षाखाली दिसत नाही, एवढेच.

आता मर्यादित पालकत्वाकडे येतो. प्रश्नकर्त्यांना वाटते की हा बदल व्हायचा आहे. कागदावर तो झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली, त्याला धरून 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याचे कलम 14 वाचा. आधी पुरेसे साहाय्य द्यायचे, त्यानेही भागले नाही तरच पालक, तोही ठराविक निर्णयापुरता, ठराविक मुदतीपुरता, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून आणि तिच्या इच्छेप्रमाणे. संपूर्ण साहाय्य द्यावे लागले तर त्या निर्णयाचा आढावा घ्यायचा. पुढचे पोटकलम आणखी धाडसी आहे : इतर कोणत्याही कायद्याखाली नेमलेला पालक त्या दिवसापासून मर्यादित पालक समजला जाईल.

म्हणजे एका वाक्याने देशभरचे सगळे पालक मर्यादित झाले. खर्च शून्य. परिणामही जवळजवळ शून्यच. आमच्याकडच्या प्रमाणपत्रांवरचा मजकूर त्याने बदलला नाही, बँकांचे फॉर्म बदलले नाहीत, आढावा कोणी, केव्हा, कोणत्या गाडीने जाऊन घ्यायचा हे ठरले नाही. फुकटात केलेल्या सुधारणेचा हा नमुना आहे. त्यामुळे "कायदा बदलायला किती खर्च येईल" याचे खरे उत्तर "काहीच नाही" असे आहे. बदललेला कायदा पाळायला किती येईल, हा प्रश्न वेगळा.

पाळायचा म्हणजे काय, हे एका भेटीवरून सांगतो. पन्हाळा तालुक्यात एक तरुण, बौद्धिक अक्षमता असलेला. आईबाप गेले, थोरला भाऊ पालक. तक्रार कोणाचीच नव्हती, वार्षिक हिशेब मात्र आलेला नव्हता. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम 16 प्रमाणे पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा असतो. हे किती पालकांना माहीत असते, विचारू नका. समितीच्या सदस्याबरोबर मी गेलो. पासबुक पाहिले : पेन्शन जमा होते, त्याच दिवशी सगळी काढली जाते, दर महिन्याला. दारात नवी मोटरसायकल. एवढ्यावर कोणीही भावाला चोर ठरवला असता. मग सदस्यबाई, विशेष शाळेत शिकवलेल्या, त्या मुलाशी बोलायला बसल्या. पहिला पाऊण तास तो बोललाच नाही. चहा झाला, म्हशीकडे जाऊन आले, मग तो हळूहळू सांगू लागला. मोटरसायकलवरून भाऊ त्याला रोज कार्यशाळेत सोडतो, हे त्याला फार आवडते. पण दाढ दुखते, गेल्या उन्हाळ्यापासून, आणि वहिनी म्हणते "बघू". शिवाय त्याला आठवड्याला थोडे सुट्टे पैसे स्वतःच्या खिशात हवे होते, भजी घ्यायला. भाऊ तेही देत नव्हता, "त्याला काय कळतंय" म्हणून.

मोटरसायकल मंजूर झाली, दाढेचे ठरले, खिशातल्या पैशांचेही ठरले. हिशेबाला एक साधी वही लावून दिली. मर्यादित पालकत्व म्हणतात ते हेच. आता याचा खर्च मोजा : प्रशिक्षित माणूस, गाडी, आणि एका घराला अर्धा दिवस. तलाठ्याला पंचनामा करायला पाठवून हे होत नाही. तो दहा मिनिटांत "पालक व पाल्य एकत्र राहतात, तक्रार नाही" असे लिहून देईल, आणि त्याच्यावरच्या कामाचा भार पाहता त्याला दोष देता येणार नाही.

आता हिशेब. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता सुमारे 15 लाख, मानसिक आजार 7 लाखांच्या वर आणि बहुविकलांगता 21 लाख अशी नोंद होती, मिळून 43 लाखांच्या आसपास. तेच प्रमाण कोल्हापूर जिल्ह्याच्या तेव्हाच्या 38 लाख 76 हजार लोकसंख्येला लावले तर साधारण 14 हजार माणसे येतात. इथून पुढचे आकडे माझे गृहीत आहेत, सरकारी नव्हेत. त्यातले 10 हजार सज्ञान धरू. सगळ्यांना पालक लागत नाही, लागूही नये. बहुविकलांग नोंदलेल्यांपैकी अनेकांची बुद्धी तुमच्या-माझ्याइतकीच शाबूत असते. पाचातल्या एकाला, म्हणजे 2 हजार जणांना, कोणत्या ना कोणत्या कामापुरता पालक लागेल असे समजू. तीन वर्षांतून एकदा फेरतपासणी म्हणजे वर्षाला 670 घरे.

एक माणूस आठवड्यातले तीन दिवस फिरतीवर आणि दोन दिवस अहवालांवर असा धरला, तर वर्षाला 140 दिवस फिरती होते. रोज दोन घरे, म्हणजे 280. चंदगडला जायचे तर एका बाजूलाच शंभर किलोमीटरच्या पुढे, तिथे दोनाचे एकच घर होईल. हिशेबांची छाननी धरून तीन माणसे पुरतील. प्रत्येकी महिना 45 हजार धरले तर वर्षाला 16 लाख 20 हजार. गाडीभाडे, गरजेप्रमाणे मानसशास्त्रज्ञ किंवा खुणांची भाषा जाणणारा यांचे मानधन मिळून 6 लाख. बेरीज 22 लाखांच्या थोडी वर. एका भेटीला पडतात साधारण 3,300 रुपये. 36 जिल्ह्यांना याच हिशेबाने वर्षाला आठ कोटी. माझे गृहीत चौपट चुकले असे धरा, तरी 32 कोटी. राज्याचे 2025-26 चे अंदाजपत्रक सात लाख कोटींचे होते. त्यात ही रक्कम दिसायलाही भिंग लागेल.

तरीही मी "खर्च क्षुल्लक आहे, पुढे चला" असे म्हणणार नाही, कारण इंग्लंडचा अनुभव डोळ्यांपुढे आहे. तिथे काळजीगृहात किंवा रुग्णालयात राहणाऱ्या, स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या माणसाला डांबून ठेवले जात नाही ना, हे तपासण्याची पद्धत आहे. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने "डांबून ठेवणे" कशाला म्हणायचे याची व्याप्ती वाढवली. वर्षाला 13 हजारांच्या घरात असलेले अर्ज पुढच्याच वर्षी 1 लाख 37 हजारांवर गेले. तपासायला माणसे तेवढीच. मग अर्जांचे ढीग साचले, मुदती उलटल्या, आणि पर्यायी पद्धतीचा कायदा करूनही तो लागू करणे सरकारने पुढे ढकलले. हक्क चांगला होता, पण माणसे नेमण्याआधी दार उघडले. आयर्लंडने उलट केले. 2015 मध्ये अशा लोकांना निर्णयात साहाय्य देण्याचा कायदा केला, पण त्यासाठीचे कार्यालय उभे राहीपर्यंत थांबून तो मुख्यतः एप्रिल 2023 मध्ये लागू केला. सात वर्षांहून जास्त म्हणजे अतिच झाले, लोक चिडले. पण लागू झाला तेव्हा दारात कोणीतरी बसलेले होते. दोन्हींतले आयर्लंडचे मला कमी वाईट वाटते.

देखरेख कशाला, घरचीच तर माणसे असतात, असे कोल्हापुरात तरी कोणी म्हणू नये. इथल्याच गादीवरच्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि 25 डिसेंबर 1883 रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाच्या बातम्या छापल्याबद्दल संस्थानचे दिवाण बर्वे यांनी भरलेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. बातमीला आधार असलेली पत्रे कोर्टात टिकली नाहीत, तो भाग वेगळा. पण आत काय चालले आहे हे त्रयस्थाने जाऊन पाहण्याची सोयच नव्हती. छत्रपतींसाठी नव्हती, तर वाडीवस्तीवरच्या माणसाचे काय सांगावे.

आपली न्यायालये हे ओळखतात. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घातली, त्यात तहसीलदारापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या महसूल अधिकाऱ्याची भेट आणि पालकाने दर सहा महिन्यांनी अहवाल देणे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये अशाच एका प्रकरणात पत्नीला पालक नेमताना राज्य विधी सेवा प्राधिकरणाला लक्ष ठेवायला सांगितले. म्हणजे देखरेखीचे काम निघालेच, फक्त ते ज्याच्या अंदाजपत्रकात नाही त्याच्या गळ्यात पडले.

एक बदल मात्र असा आहे की ज्याने सरकारचा पैसा वाचेल, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. मुखत्यारपत्र. आज एखाद्या सत्तरीतल्या बाईंना स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाल्याचे कळले आणि त्यांनी शहाणपणाने मुलीच्या नावे मुखत्यारपत्र केले, तर बाईंची समज जाताच ते संपते. 1872 च्या करार कायद्याचे कलम 201 तसेच आहे. जेव्हा गरज सुरू होते त्याच क्षणी कागद मरतो, आणि मुलगी कोर्टाच्या दारात येते. इंग्लंडमध्ये समज गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र नोंदवता येते, आणि त्या नोंदणीचे कार्यालय मुख्यतः फीवर चालते. आपल्याकडे दुय्यम निबंधकाची कार्यालये तालुक्या-तालुक्याला आहेतच. नोंदणीच्या वेळी डॉक्टरचा दाखला, दोन नातेवाइकांना सूचना आणि तक्रार आली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाण्याची सोय, एवढे घातले तर उद्याच्या कितीतरी याचिका आजच टळतील. गैरवापर होईल का? होईल. जमिनीच्या भावांनी सख्खे भाऊ काय काय करतात ते मी रोज पाहतो. म्हणूनच घर आणि जमीन विकण्याचा अधिकार यातून वगळावा, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागावी.

तेव्हा क्रम असा लावावा. आधी टिकाऊ मुखत्यारपत्र, कारण त्याने नव्या प्रकरणांचा ओघ कमी होईल. मग कोमा, स्मृतिभ्रंश आणि मानसिक आजारातली मालमत्ता यांसाठी जिल्हा पातळीवर एकच दार, म्हणजे उच्च न्यायालयाचा वेळ मोकळा होईल. फेरतपासणी सगळ्यात शेवटी, तीही आधी नव्या नेमणुकांना आणि मग जुन्यांना, ज्यांत मोठी मालमत्ता किंवा दूरचा नातेवाईक पालक आहे अशांना पहिल्यांदा. घरात आईच पालक असेल आणि नावावर फक्त निराधार योजनेचे अनुदान असेल, तर तिथे तीन वर्षांनी साधा फोन पुरे. आईला दरवर्षी सीए गाठायला लावणारा नियम करू नका, असे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. आदल्या बैठकीत नसलेले अधिकारी दर वेळी ते लिहून घेतात.

पैसा कोणत्या शीर्षातून, हा लेखाधिकाऱ्यांचा खास प्रश्न. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्पन्नातला 5 टक्के दिव्यांग निधी आहे, तिकडे बोट दाखवण्याचा मोह होईल. तो निधी दिव्यांगांच्या हातात पडायचा आहे, त्यातून निरीक्षकांचे पगार काढू नयेत. 2022 पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, ही पदे त्याच्या आस्थापनेवर हवीत. मधल्या काळात विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक प्रशिक्षण देऊन या भेटींना पाठवता येतील. त्यांना दिवसाचे मानधन मिळते, तालुक्यात ओळखी असतात आणि ते महसूल खात्याचे नसल्यामुळे लोक त्यांच्याशी मोकळे बोलतात. शिरोळ आणि चंदगड अशा दोन टोकांच्या तालुक्यांत वर्षभर हे करून पाहिले, तर माझे 3,300 रुपये कमी धरले की जास्त, ते तुमच्यासारखा माणूस व्हाउचरवरूनच सांगू शकेल. त्या प्रयोगाचे हिशेब तपासायला तुम्ही येणार असाल तर कळवा, एक टेबल आणि कपाट मी माझ्या ऑफिसात मोकळे करून देतो.